मंडळीचा हिशोब कुणी मागायचा?

कोपरखैरणेकर

जय ख्रिस्त. मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, सुधारणेचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच शिकवणीवर वाद सुरू होतो. बाप्तिस्मा कुठल्या वयात, प्रार्थनेत आत्म्याच्या प्रेरणेने अन्य भाषा बोलायच्या की नाही, शेवटचा काळ किती जवळ आला. मला कारभाराबद्दल बोलायचं आहे. ठाणे-नवी मुंबईतल्या आपल्या स्वतंत्र सुवार्तिक (इव्हँजेलिकल) मंडळ्यांमध्ये पैसा, मालमत्ता आणि अधिकार यांचा जाब विचारायची सोयच राहिलेली नाही. ती आणल्याशिवाय दुसरी कुठलीही सुधारणा टिकणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

या मंडळ्यांचे उपकार मी विसरलेलो नाही. नगर, जालना, सोलापूरकडून आलेली आपली कुटुंबं पूर्वी सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) नाहीतर मेथॉडिस्ट मंडळीत जायची. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, पुढे उलवे अशी वस्ती वाढली तशा शाळेच्या हॉलमध्ये, रो-हाउसच्या तळमजल्यावर, एमआयडीसीच्या गाळ्यात फेलोशिप, म्हणजे या स्वतंत्र मंडळ्या, उभ्या राहिल्या. माझे वडील शेवटच्या आजारात होते तेव्हा मध्यरात्री रुग्णालयाच्या जिन्यात बसून प्रार्थना करणारी माणसं फेलोशिपचीच होती. दारू सुटलेली, मोडता मोडता सावरलेली घरं मी इथेच पाहिली. म्हणून तर जीव तुटतो.

आमच्याकडे अर्पणाच्या वेळी पडद्यावर क्यूआर कोड येतो. स्कॅन केला की फोनवर ट्रस्टचं नाव दिसत नाही, पास्टरांच्या मुलाचं दिसतं. इमारत निधीसाठी बायांनी बांगड्या मोडून पैसे दिले. हॉल घेतला गेला, आनंद झाला. पुढे मी नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर त्या हॉलचा इंडेक्स टू, म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा उतारा, काढून पाहिला. घेणारे म्हणून दोन नावं: पास्टर आणि त्यांच्या पत्नी. ट्रस्टचा उल्लेख कुठेच नाही. भेटून विचारलं तेव्हा उत्तर मिळालं की ट्रस्टच्या नावावर कर्ज मिळत नव्हतं. तसं असू शकतं. मग कर्ज फिटल्यावर हॉल ट्रस्टच्या नावावर कधी होणार, एवढंच मी विचारलं. पुढच्या रविवारी उपदेशाचं वचन होतं स्तोत्र १०५, देवाच्या अभिषिक्तांना हात लावू नका.

हे वचन आपल्याकडे कुलपासारखं वापरलं जातं. ते स्तोत्र उघडून वाचा. तिथे अब्राहाम, इसहाक, याकोब यांची गोष्ट चालली आहे. हातावर मोजण्याइतकी माणसं परक्या मुलखात भटकत होती आणि तिथल्या राजांनी त्यांना इजा करू नये असं देव बजावतो आहे. पुढाऱ्याला प्रश्न विचारू नये असा त्याचा अर्थ कुठूनही निघत नाही. दावीद तर खराखुरा अभिषिक्त राजा. त्याने पाप केलं तेव्हा त्याच्या तोंडावर नाथान संदेष्ट्याने ‘तो माणूस तूच’ म्हटलं, आणि देवाने नाथानालाच पाठवलं होतं. अंत्युखियात प्रेषित पौलाने प्रेषित पेत्राला सर्वांदेखत धारेवर धरलं.

पैशाबद्दल तर पौलाइतकी काळजी क्वचितच कुणी घेतली असेल. यरुशलेमेच्या गरिबांसाठी गोळा झालेली वर्गणी नेताना तो मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतो आणि कारणही लिहून ठेवतो: या रकमेवरून आमच्यावर कुणी ठपका ठेवू नये. करिंथकरांस दुसरं पत्र, आठवा अध्याय. आपल्याकडे दशांशासाठी, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग मागण्यासाठी, मलाखीचं पुस्तक दर महिन्याला वाचला जातो. हा अध्याय शेवटचा कधी ऐकला, आठवून पाहा.

३१ ऑक्टोबरला आपण धर्मसुधारणा दिन पाळतो. १५१७ साली ल्यूथरने पापाच्या शिक्षेतून सूट देणाऱ्या क्षमापत्रांच्या विक्रीविरुद्ध ९५ प्रबंध मांडले, हे शब्बाथशाळेतल्या मुलांनाही पाठ असतं. त्या क्षमापत्रांच्या पैशाचं पुढे काय व्हायचं, हे मात्र कुणी शिकवत नाही. लोकांना सांगितलं जायचं की रोमचं सेंट पीटर्स हे भव्य मंदिर उभं राहतंय. प्रत्यक्षात जवळपास निम्मा पैसा माइन्झच्या आर्चबिशपाचं कर्ज फेडायला फुगर सावकारांकडे जात होता. देणाऱ्या गरिबाला याचा पत्ताच नव्हता. ८६व्या प्रबंधात ल्यूथर विचारतो की पोप इतका श्रीमंत आहे, तर गरीब विश्वासणाऱ्यांच्या पैशांऐवजी स्वतःच्या पैशाने ते मंदिर का बांधत नाही? धर्मसुधारणेत हिशोबाचा प्रश्न पहिल्या दिवसापासून होता.

माझं मागणं साधं आहे. सभासदांची लेखी यादी असावी. वर्षातून एकदा तपासलेला हिशोब सर्वांपुढे वाचला जावा. विश्वस्तांत पास्टरांच्या घरच्यांचं बहुमत नसावं. मंडळीच्या पैशाने घेतलेली वास्तू मंडळीच्या नावावर असावी. तुमच्याकडे काय चालतं, लिहा. मंडळीचं किंवा पास्टरांचं नाव मात्र घेऊ नका.

खाडीकाठ

सलाम. मी ठाण्यातल्या जुन्या मंडळीचा, तिसरी पिढी. तुमचा मुद्दा रास्त आहे, पण मतदान आलं की सगळं सुरळीत होतं अशी समजूत करून घेऊ नका. आमच्याकडे सभासद यादी आहे, मंडळीचा कारभार बघणाऱ्या पास्टोरेट कमिटीची निवडणूक होते, हिशोब वाचला जातो. आणि निवडणुकीच्या महिन्यात प्रभुभोजनाच्या रांगेत लोक एकमेकांकडे बघत नाहीत. मिशनच्या जुन्या जमिनींवरून राज्यभर किती दावे पडून आहेत ते वकिलांना विचारा. यादीत नाव टिकावं म्हणून वर्गणी भरणारे आणि एरवी उपासनेला न फिरकणारे सभासदही मी पाहिले आहेत. हिशोब हवाच. पण सत्तेची हाव घटना लिहून जात नाही.

ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची आठवण होते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात देवाचा दरबार सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. पगारी ख्रिस्तसेवेतून बाहेर पडून या मातीतली बंधुता उभी करायची त्यांची धडपड होती. दोनच वर्षांत ते गेले आणि काम अर्धवट राहिलं. आमच्या लहानपणी पेटी-तबल्यावर त्यांची भजनं व्हायची. आता तरुणांना ती येत नाहीत, याचंही मला फार वाईट वाटतं. हा विषय वेगळा आहे, पण मनात होतं ते लिहिलं.

मोगरा

मी नर्स आहे. हिशोब पैशाचा आहे तसा जिवाचाही आहे, म्हणून लिहिते.

आमच्या वॉर्डात रात्रपाळीला घणसोलीची एक ताई आली. लहानपणापासूनचा मधुमेह, म्हणजे शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही. आरोग्यसभेत, म्हणजे आजाऱ्यांना बरं करण्यासाठीच्या प्रार्थनासभेत, तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना झाली आणि ती बरी झाल्याचं जाहीर झालं. तिने इंजेक्शन बंद केलं. आली तेव्हा श्वास धापा टाकल्यासारखा खोल, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास, डोळे उघडत नव्हते. रक्तात आम्ल वाढलं की असं होतं. आयसीयूत गेली, वाचली. तिची बहीण बाहेर बाकावर बसून मोबाइल दाखवत होती. ताईची साक्ष युट्यूबवर होती, खाली शेकडो ‘आमेन’. ताई आत मॉनिटरला जोडलेली, आणि बाहेर तिच्याच आवाजात ‘मी बरी झाले’ चाललेलं.

तो व्हिडिओ काढून टाका, अशी विनंती बहिणीने केली. अजून तो तसाच आहे.

मी प्रार्थनेवर विश्वास ठेवते. ड्युटी सुरू होण्याआधी रोज करते. पण पौलाने त्रफिमाला मिलेतात आजारी असतानाच मागे ठेवलं, हे दुसऱ्या तीमथ्यात लिहिलं आहे. तीमथ्याच्या पोटासाठी तो थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. लूकला तो ‘प्रिय वैद्य’ म्हणतो. आपल्या आरोग्यसभांमध्ये ही वचनं का वाचत नाहीत? मधुमेह चमत्काराने बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने मनाई आहे, हेही किती जणांना माहीत असेल? माझी मागणी एकच आहे. औषध थांबवायचं ते फक्त डॉक्टरने, हे प्रत्येक आरोग्यसभेत माइकवरून सांगा. आणि तपासणीचा कागद हातात आल्याशिवाय कुणाचीही साक्ष रेकॉर्ड करू नका.

प्रार्थनागृह_ऐरोली

सर्वांना प्रभूच्या नावात सलाम. मी स्पष्ट बोलतो, राग मानू नका.

सध्याचे दिवस कसे आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे. घरातली प्रार्थनासभा सुरू असताना माणसं दारात येऊन उभी राहतात, धर्मांतराचे आरोप होतात, पोलिसांना बोलावलं जातं. अशा वेळी आपणच चव्हाट्यावर बसून सेवकांचे दोष मोजायचे का? उद्या हेच लेखन कुणीतरी आपल्याविरुद्ध वापरेल. दुसरं, सगळे पास्टर चोर नाहीत. आमच्या पास्टरांनी गाळ्याचं भाडं भरायला पत्नीचे दागिने गहाण ठेवले होते, तेव्हा हिशोब मागणारं कुणी पुढे आलं नव्हतं. मत्तय १८ प्रमाणे आधी एकांतात बोला, मग दोघांना घेऊन जा.

कोपरखैरणेकर

ऐरोलीकर दादा, राग मुळीच नाही. तुमच्या पास्टरांच्या त्यागाबद्दल वाचून आदर वाटला. मत्तय १८ पाळूनच मी आधी एकट्याने भेटलो, मग मंडळीच्या एका वडीलधाऱ्या पुढाऱ्याला सोबत घेऊन गेलो. त्याच अध्यायात तिसरी पायरीही आहे, मंडळीला सांग. ज्या मंडळीत सभासदांची सभाच होत नाही, तिथे ही तिसरी पायरी चढायची कुठे?

बाहेरच्या दबावाची भीती मलाही आहे. पण पेत्राचं पहिलं पत्र छळ सोसणाऱ्या लोकांनाच लिहिलेलं आहे, आणि न्यायाची सुरुवात देवाच्या घरापासून होते हे त्याच पत्रात आहे. दिवस कठीण आहेत म्हणून घरातली झाडलोट थांबवा, असं पेत्र सांगत नाही. उलट ज्यांचे हिशोब चोख आहेत त्यांच्यावर खोटे आरोप टिकत नाहीत.

गप्प राहण्याची किंमत काय असते ते आपण रवी झकरायस यांच्या बाबतीत पाहिलं. चेन्नईत जन्मलेला माणूस, जगभर ख्रिस्ती विश्वासाची बाजू मांडणारा, आपल्या तरुणांचा आदर्श. २०१७ मध्ये एका स्त्रीने तक्रार केली तेव्हा संस्था त्यांच्या पाठीशी उभी राहिली. मे २०२० मध्ये ते वारले. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याच संस्थेने नेमलेल्या वकिलांचा अहवाल आला आणि अनेक स्त्रियांशी केलेलं गैरवर्तन उघड झालं. अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्ट पंथाचा मे २०२२ चा अहवाल असाच आहे. अत्याचार झालेल्या लोकांना पुढारी वर्षानुवर्षं टाळत राहिले, आणि आरोप झालेल्या सेवकांची यादी मात्र त्यांच्याच कचेरीत तयार होती. दोन्हीकडे सेवेचं नाव खराब होऊ नये म्हणूनच लोक गप्प होते. शेवटी नाव तर गेलंच, आणि त्या स्त्रियांचं जे नुकसान झालं ते कशानेही भरून येणार नाही.

पाळकाची_मुलगी

मी पाळकाच्या, म्हणजे पास्टरांच्या, घरात वाढले. एक बाजू अजून कुणी मांडली नाही म्हणून लिहिते.

बाबांना मंडळी जे देईल तो पगार. पीएफ नाही, मेडिक्लेम नाही. उन्हाळ्यात लोक गावी गेले की अर्पणाच्या थाळीत कमी पडायचं आणि आमच्याकडे किराणा अर्धा यायचा. आई शिकवण्या घ्यायची. तरी घरी येणाऱ्या प्रत्येकाला चहा द्यायचाच, कारण पाळकांचं घर. बाबा निवृत्त झाले तेव्हा राहायची जागा मंडळीची होती, ती सोडावी लागली. सगळे छान बोलले, शाल दिली, आणि आम्ही ठाण्याजवळच्या दिव्यात भाड्याने राहायला गेलो.

पास्टर हॉल स्वतःच्या नावावर करतात याचं समर्थन मी करत नाही. पण त्यामागे कितीतरी वेळा हीच भीती असते: म्हातारपणी कुठे जायचं? तुम्ही हिशोब मागणार असाल तर त्यात पाळकाचा ठरलेला पगार, पीएफ आणि निवृत्तीनंतरचं घर यांचाही रकाना हवा. मंडळी पाळकाची जबाबदारी घेत नाही, म्हणून पाळक मंडळीलाच स्वतःची मिळकत समजू लागतो.

वाशी_सेक्टर१५

मी ख्रिस्ती नाही, धागा वाचून राहवलं नाही. आमच्या गणेशोत्सव मंडळाची वर्गणी धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीने गोळा होते आणि जमाखर्च नंतर फलकावर लावतात. सोसायटीतले काका एकेक आकडा वाचतात आणि भांडतातही. तुमच्याकडे अशी नोंदणी नसते का?

लेखापरीक्षक_ठाणे

वाशीकरांच्या प्रश्नाचं उत्तर देतो, व्यवसायाने सीए आहे.

बऱ्याच मंडळ्या १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या असतात. म्हणजे नियम गणेश मंडळाला आहेत तसे मंडळीलाही आहेत. ३१ मार्चला हिशोब बंद करायचा, सहा महिन्यांत लेखापरीक्षण करून अहवाल धर्मादाय कार्यालयात द्यायचा. विश्वस्त बदलला की चेंज रिपोर्ट, म्हणजे बदल कळवणारा अर्ज. ट्रस्टची स्थावर मालमत्ता विकायची तर कलम ३६ प्रमाणे आयुक्तांची पूर्वपरवानगी. विश्वस्त कोण आहेत हे ट्रस्टच्या पीटीआर (सार्वजनिक विश्वस्त नोंदवहीच्या) उताऱ्यावर दिसतं. उताऱ्याच्या नकलेसाठी साध्या अर्जाने धर्मादाय कार्यालयात मागणी करता येते.

आता गोम कुठे आहे ते सांगतो. जे ट्रस्टच्या नावावर आहे त्यालाच हे संरक्षण आहे. हॉल खाजगी नावावर असेल तर कलम ३६ ची परवानगी लागत नाही. उद्या वारसांत वाटणी झाली की मंडळी रस्त्यावर. म्हणून कोपरखैरणेकरांचा इंडेक्स टूचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

दुसरी गोम घटनेत असते. ट्रस्टच्या डीडमध्ये (विश्वस्तपत्रात) ‘नवे विश्वस्त विद्यमान विश्वस्त नेमतील’ असं लिहिलं की झालं. रविवारी येणारी माणसं किती का असेनात, कायद्याने त्यांना मत नाही. यावर वाट आहे. कलम ५०अ खाली हितसंबंध असलेल्या दोन किंवा अधिक व्यक्ती कारभाराची योजना घालून द्यावी असा अर्ज करू शकतात. पण हा शेवटचा मार्ग ठेवा. मी पाहिलेल्या बऱ्याच प्रकरणांत विश्वस्तांशी बसून बोलल्यावर डीड दुरुस्त झालं.

सेवक_कळवा

मी कळव्यात एक लहान मंडळी सांभाळतो, आठवडाभर नोकरी करतो. ही टीका बाहेरची किंवा उदारमतवाद्यांची आहे असं काही सहसेवक म्हणतात, त्यांच्यासाठी लिहितो.

१९७४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानला जगभरचे सुवार्तिक जमले होते, अमेरिकन प्रचारक बिली ग्रॅहम यांच्या पुढाकाराने. तिथल्या करारनाम्यात आपल्याच लोकांनी कबूल केलं आहे की सुवार्तेला प्रतिसाद मिळावा म्हणून आम्ही ऐकणाऱ्यांवर दडपण आणलं, आकड्यांच्या मागे लागलो, आणि ते आकडे वापरताना अप्रामाणिकही झालो. पुढे लोझानच्याच आफ्रिकी अभ्यासकांनी घानात बसून ‘दान द्या, देव श्रीमंत करेल’ सांगणाऱ्या समृद्धीच्या सुवार्तेविरुद्ध निवेदन काढलं, कारण तिथे गरिबांच्या खिशातून पैसा जात होता. अमेरिकेत १९७९ साली सुवार्तिक संस्थांनी आर्थिक शिस्तीसाठी स्वतःची परिषद उभी केली. तिची अट आहे की मंडळावर किमान पाच जण हवेत आणि बहुसंख्य स्वतंत्र हवेत, नात्यातले किंवा पगारी नकोत. त्या अटी आपण जशाच्या तशा घ्याव्यात असं नाही, पण पाच स्वतंत्र माणसं कळव्यातही मिळतात.

आमच्याकडे अर्पण मोजायला दर रविवारी दोन वेगळी कुटुंबं बसतात, मी त्या खोलीत जात नाही. आकडा त्याच दिवशी दाराजवळच्या कागदावर लिहिला जातो. आधी लोकांना वाटलं पास्टरवर संशय आहे. आता माझ्या बायकोला बाजारात नवी साडी नेसून जाताना कुणाच्या नजरेची चिंता नसते. पाळकाच्या मुलीने लिहिलं ते मात्र आतपर्यंत लागलं, ताई. माझाही पीएफ मंडळीकडून नाही, नोकरीतून आहे.

घणसोली_तरुण_संघ

विश्वस्तांत नात्यातले नकोत, ठीक. मग बायका किती? आमच्याकडे उपवास-प्रार्थना महिला मंडळ करतं, आजाऱ्यांना भेटायला त्याच जातात, शब्बाथशाळा त्याच चालवतात, आणि निर्णयाच्या खोलीत एकही नसते. पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, मूळ भाषांवरून बायबल मराठीत आणलं. त्यांचं नाव आपण अभिमानाने घेतो. आज त्या आमच्या मंडळीत आल्या असत्या तर त्यांना अर्पणाचे पैसेही मोजू दिले नसते.

आणि जात. ख्रिस्तात सगळे एक म्हणून गातो, पण स्थळ बघताना ‘मूळचे कोण’ हा प्रश्न येतोच. माझ्या बहिणीच्या लग्नात तो मंडळीच्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांतल्या माणसानेच विचारला. सुधारणेची यादी करताय तर हेही घ्या.

प्रार्थनागृह_ऐरोली

सर्वांचं वाचलं. मोगरा ताईंचं पोस्ट मी पत्नीला मोठ्याने वाचून दाखवलं. आरोग्यसभेत औषधांबद्दल माइकवरून सांगायची गोष्ट मी या आठवड्यातच आमच्या पास्टरांकडे नेतो. कलम ५०अ वगैरेला माझा विरोध कायम आहे. विश्वासणाऱ्यांनी कोर्टकचेरी करू नये, पौलाने करिंथकरांना तेच सांगितलं. पण हिशोब वाचायला काय हरकत आहे, याचं उत्तर मला स्वतःला सापडलेलं नाही.

कोपरखैरणेकर

दादा, अर्ज करायची माझीही इच्छा नाही. आम्ही काही कुटुंबं मिळून विश्वस्तांना पत्र देत आहोत. मसुदा असा: मागच्या वर्षाचा तपासलेला हिशोब मंडळीपुढे वाचावा. क्यूआर कोड ट्रस्टच्या खात्याचा लावावा. हॉल ट्रस्टच्या नावावर कधी होईल ती तारीख लेखी द्यावी. सभासद यादी करून त्यांच्यातून किमान दोन विश्वस्त निवडावेत, त्यात एक स्त्री. पाळकांचा पगार, पीएफ आणि निवृत्तीनंतरच्या घराची तरतूद मंडळीने ठरवावी, हे शेवटचं कलम पाळकाच्या मुलीच्या सांगण्यावरून जोडलं आहे. जातीचा प्रश्न या पत्रात बसत नाही. घणसोलीकर, त्यावर तुम्ही वेगळा धागा काढा, मी नक्की येईन.

पाळकाची_मुलगी

शेवटचं कलम पहिलं घ्या. पास्टर वाचायला सुरुवात करतील तेव्हा पहिली ओळ हॉलची असेल तर पुढचं ते वाचणारच नाहीत.

कोपरखैरणेकर

घेतो. तुमचं बरोबर आहे.

लेखापरीक्षक_ठाणे

मसुद्यात ‘चौकशी’ हा शब्द कुठेही येऊ देऊ नका, ‘विनंती’ ठेवा. सर्वांच्या सह्या, पूर्ण नावं आणि तारीख घाला. एक प्रत हातात द्या, दुसरी ट्रस्टच्या नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवून पोच जपून ठेवा. पीटीआर उतारा आधी काढून घ्या म्हणजे विश्वस्तांची नावं बरोबर पडतील. अर्जाचा नमुना हवा असेल त्याने निरोप टाका, पाठवतो.